कापशीच्या पायांतला ढोल

वरोऱ्याहून सिरोंच्याला जायला एस.टी. आहे, ट्रक आहेत, ओळखपाळख असली तर जंगल खात्याची जीपही मिळून जाते. आम्ही चालत गेलो. आम्ही म्हणजे मी, माझा दोस्त मारोती आणि कापशी नावाची एक पांढरी घोडी. वाटेत कुणाला वाटलं नवस आहे, कुणाला वाटलं सर्कस पुढे गेली आणि हे मागे राहिले. खरं कारण मी तेव्हा कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. मला बोलायची सवय कमी. आमच्या घरात बोलायचं ते मोठ्या भावाने, यासीनभाईने, आणि मी जनावरं पाहायची, असं लहानपणापासून वाटून दिलेलं. आता लिहायलाच बसलो आहे, तर सगळं लिहितो.

आमचं घर टांगेवाल्यांचं. ऑटो आले, टांगे बसले, तेव्हा आम्ही वरातीच्या घोड्यांवर आलो. कापशी आमच्याच कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जन्मली. जिनिंगचा हंगाम होता, हवेत कापसाचं पिंजण उडत होतं, म्हणून कापशी. मी सांगतो आहे त्या हिवाळ्यात ती अजून पोरच होती, दुधाचे दातही पुरते पडले नव्हते. तिला ढोलावर नाचायला मी शिकवलं. वरातीत घोडं नाचताना तुम्ही पाहिलं असेल, ते कसं शिकवतात हे बहुधा पाहिलं नसेल. घोड्याला दोन खांबांच्या मध्ये बांधतात. एकजण ढोल वाजवतो. दुसरा वेताची छडी घेऊन समोर बसतो आणि दर ठोक्याला पुढच्या पायाच्या नळीवर मारतो, एकदा डाव्या, एकदा उजव्या. पुढे छडीची गरज उरत नाही. ढोल वाजला की पाय आपोआप वर येतात, आणि लोक म्हणतात, वा, काय ताल आहे!

छडी घेऊन बसणारा मी.

आमच्या वडिलांनीही असंच शिकवलं, सगळेच असंच शिकवतात. पण कापशीचं अंग कोवळं होतं आणि काळीज त्याहून कोवळं. भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत एक लग्न होतं. वरात अर्ध्या रस्त्यात आली आणि ती नवरदेवासकट पुढच्या गुडघ्यांवर बसली. उठेना. भीतीने मुतली होती, पोटाखाली ओल झाली होती. बँडवाले थांबले, लोक वळून पाहू लागले, आणि एरवी ज्याच्या तोंडातून शब्द निघत नाही तो मी ओरडलो, "सलाम करते आहे नवरदेवाला!" टाळ्या पडल्या. बँडने जोर चढवला. तिला तसंच उठवून मी मांडवापर्यंत नेलं.

त्यानंतर ती सगळ्यालाच भिऊ लागली. ऑटो, वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री, शेजारच्या कुकरची शिटी. ट्रकची फळी पाडली की मागच्या पायांवर उभी. ती भाईजानची, म्हणजे यासीनभाईची, आणि माझी, दोघांची. भाईजान म्हणाले, "बसून खाणारं जनावर किती दिवस ठेवायचं? गोदावरीपलीकडचा वरातवाला मागतो आहे, त्याला देऊन टाक." आमची धाकटी बहीण नसीम सिरोंच्याला दिलेली आहे. तिचा नवरा हनीफ आठवडी बाजारांत कापड विकतो. नदीकाठच्या गावांना जीप जात नाही, गठ्ठे न्यायला त्याला जनावर हवं होतं. मी म्हटलं, नसीमकडे देऊ. भाईजानांनी थोडा विचार केला. "बाजारात डफडं वाजते. डफड्यापुढे उभी राहिली तर नसीमची. नाचली तर नाचवणाऱ्याची, त्या वरातवाल्याची."

एवढ्यावर ठरलं. ट्रकात ती चढणार नव्हती, आणि मलाही वेळ हवा होता. म्हणून चालत. वाटेत तिची शाळा घ्यायची.

भद्रावती

मारोती ढिवर मूल तालुक्याकडचा, तलावाच्या गावचा. त्याच्या बापाची मासळी माझ्या वडिलांच्या टांग्यातून बाजारात यायची, तेव्हापासूनची आमची दोस्ती. तो का आला विचाराल तर, "सिरोंच्याच्या नदीतले मासे माणसाएवढे असते म्हणते. मले पाहाचे आहे." एवढंच. तोंड मात्र त्याचं दिवसभर चालू. दोघांची मिळून सरासरी बरी पडते.

पहिला धडा कोळशाच्या ट्रकांचा. रस्त्यापासून दूर, शेताच्या धुऱ्यावर तिला उभी करायची आणि काही करायचं नाही. ट्रक येतो, ती कान टवकारते, थरथरते, ट्रक जातो. मग थोडं जवळ. पुन्हा उभं राहायचं. ओढायचं नाही, दटावायचं नाही, मान खाली घालून चार काड्या ओरबाडल्या की पुढे चालायचं. पहिल्या दिवशी आम्ही इतके थोडे चाललो की संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर वरोऱ्याचे दिवे दिसत होते.

"रफीकभाऊ," मारोती म्हणाला, "ह्या हिशोबानं आपण सिरोंच्याले पोचू तवा घोडी म्हातारी झाली राहीन."

भद्रावतीत मी कॉलनीचा रस्ता सोडून रुळांच्या अंगाने लांबचा वळसा घेतला. मारोतीने विचारलं, काऊन? मी म्हटलं, तिकडे गर्दी असते. दुपारची वेळ होती, तिकडे कुत्रं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि रुळांकडे चालू लागला.

भाकर संपते तिथे

वरोऱ्याकडून पूर्वेला चालत जाणाऱ्याला एक गंमत कळते, ती एस.टी.त बसून कळत नाही. भाकर हळूहळू विरळ होत जाते. वरोऱ्यात ताटभर ज्वारीची भाकर. चंद्रपुरापर्यंत ती टिकते, पण शेजारी भाताची मूद येऊन बसते. लोहाऱ्याचं जंगल ओलांडून मूलकडे उतरलं की भाकर गेलीच, सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. मारोतीच्या मते भाकर हे दात असलेल्यांचं अन्न आणि भात हे डोकं असलेल्यांचं. मी विचारलं, मग मासा? "मासा सगळ्याईचा. तुमच्या मौलवीले विचारा, माह्या महाराजाले विचारा." हे मात्र खरं निघालं. हलाल-झटक्याचा प्रश्न मासा कधीच आणत नाही. साऱ्या प्रवासात मी अनोळखी घरांत निर्धास्त जेवलो ते माशामुळे.

लोहाऱ्याच्या जंगलात बांबूचे ट्रक भेटतात. मागे लटकणारी बांबूंची टोकं रस्त्याला घासत सळसळ आवाज करतात. ट्रकांना सरावलेली कापशी त्या आवाजाला नव्याने भ्यायली. मग पुन्हा दूर उभं राहणं, पुन्हा जवळ येणं. एका वळणावर मात्र ती आवाज नसताना थांबली. नाकपुड्या फुलल्या, कान झाडीकडे. आम्हाला काही दिसलं नाही. मारोती हळूच म्हणाला, "हे तिले शिकवाचं नाई. हे तिचं बरोबर आहे." आम्ही तिच्यामागे गुपचूप परत फिरलो, बराच वेळ थांबलो आणि बांबूच्या ट्रकांची रांग आली तेव्हा ट्रकांच्या सोबतीने ते वळण पार केलं. काही भित्या काढायच्या आणि काही राखायच्या, हे आमच्या धंद्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

मारोतीच्या गावचा तलाव मोठा, मालगुजारांच्या काळचा. पलीकडचा काठ सकाळच्या धुक्यात दिसत नाही. धान कापून झालेलं, रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, हिरवी झालेली. कापशीने तोंड घातलं तशी मारोतीची भावजय धावत आली, "तोंडाले मुसकं बांधा हो भाऊ, लाखोरीनं घोडं घोरते!" वरोऱ्याकडे आम्ही हे ऐकलेलं नव्हतं. घरी येऊन जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, रोज खाल्ली तर घोड्याचा गळा बसतो.

इथे पहिला मोठा घोटाळा झाला. पाठीवर सामान असताना तिला पाणी पाजायला तलावात नेली. पाण्याला भिईल म्हणून मी गुडघाभर पाण्यात तिची समजूत काढत उभा. तिने पाणी हुंगलं, पुढच्या पायाने दोनदा थापटलं आणि एकदम आडवी झाली. बसली नाही, आडवीच झाली, सामानासकट. पोहे, गूळ, चहापत्ती, माझा एकुलता एक स्वेटर. गावच्या बाया काठावर हसून लोटपोट. एक म्हातारी म्हणाली, "गुळाचं पानी झालं, आता आमचे मासे गोड लागतीन!" कापशी वर आली ती अंग झटकून, मान उंच करून. जन्मल्यापासून तिला मी इतकी खूश पाहिली नव्हती. त्या गावात आम्ही एक दिवस जास्त राहिलो. निमित्त स्वेटर वाळायचं होतं.

ढोलाची शाळा इथूनच सुरू केली. मारोतीने रॉकेलचा रिकामा डबा घेतला. मी दोर धरून उभा राहायचो, तो लांबून बोटाने डबा वाजवायचा. अगदी हलक्या हाताने. तरी तिचा डावा पाय वर. मग उजवा. मान खाली, डोळ्यांत पांढरं. ट्रक जमला, बांबू जमला, पाणी तर तिनेच जमवून घेतलं. डबा जमेना. रोज थोडा वेळ, रोज तेच. मी म्हणायचो, ढोल तिच्या पायांत जाऊन बसला आहे, आता निघणार नाही. मारोती म्हणायचा, "पाय आहे का पेटी, बसाले?"

वैनगंगेपलीकडे

वैनगंगेच्या पुलावर ती मधोमध थांबली आणि कठड्यावरून नदी पाहू लागली. मागे एस.टी. हॉर्न देत उभी. ड्रायव्हर उतरून आला, शिव्या द्यायच्या तयारीने. घोडीला असं नदी पाहताना पाहून तोही कठड्यापाशी थांबला. "काय पाहून राह्यली?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याने बिडी पेटवली. प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून बसले. बिडी संपली तेव्हा घोडी निघाली, मग एस.टी. निघाली.

गडचिरोलीच्या पुढे नाक्यांवर पोलीस विचारपूस करतात. ते दिवस तसे होते. घोडी कुणाची, कुठे नेता, का नेता. एक तरुण शिपाई पश्चिमेकडचा, कोल्हापूर-सांगलीचा असावा, बोलण्यावरून. त्याने तिच्या खुराची माती स्वतः काढली. गावी त्यांच्याकडे घोडी होती म्हणे. "अशी बुजरी का हो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, जातच तशी. हे खोटं मी किती सहज बोललो ते मला पुढच्या वळणापर्यंत आठवत राहिलं.

चामोर्शीला नसीमला फोन लावायला मी एस.टी.डी. बूथमध्ये गेलो आणि दोर मारोतीकडे दिला. लाइन लवकर लागली नाही. बाहेर आलो तर मारोती म्हणाला, "अबे, आता वरात गेली इथून. डफडं, पिपाणी, सगळं. घोडी उभी होती. कान हालवले फक्त."

"चेष्टा पुरे."

"आईशपथ!"

"तू काल म्हणालास वाघ पाहिला, परवा म्हणालास डॉक्टरीण पाहून हसली."

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

मी दोर त्याच्या हातून घेतला. दहा गोष्टींत नऊ खोट्या सांगणाऱ्याची दहावी कोण ऐकतो? मी ऐकली नाही.

मातीचे घोडे

आलापल्लीपुढचा साग पाहायला मान मागे टाकावी लागते. ताटाएवढी वाळकी पानं रस्त्यावर पडलेली, पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. कापशी आधी स्वतःच्याच पावलांना भ्यायली, मग मुद्दाम पानांवरून चालू लागली.

जिमलगट्ट्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एक माडिया गोंडांचं गाव आहे. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. आम्ही तिथे गेलो कारण कापशीच्या खुरात बांबूची सळी घुसली होती. ती काढून दोन दिवस तिला विसावा द्यायला हवा होता. गावाच्या शिवेवर मोहाच्या झाडाखाली मातीचे घोडे ठेवलेले, वीतभर उंचीचे, कुणाचा पाय मोडलेला, कुणाचं तोंड पावसाने झिजलेलं. कापशीने एकेक हुंगला. समोरून मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईने मोळी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "कोडा." गोंडीत कोडा म्हणजे घोडा, हे नंतर कळलं.

गावात मराठी येणारा लालसू नावाचा म्हातारा. जंगल खात्याच्या कुपात, म्हणजे तोडीला दिलेल्या पट्ट्यात, लाकूडतोडीवर आयुष्य गेलेलं.

"देवाचा घोडा घेऊन आले का?"

"नाही बाबा, बाजाराचा आहे."

"मंग पांढरा काऊन?"

त्यांचे देव घोड्यावर फिरतात, आणि गावात कुणी जिवंत घोडा जवळून पाहिलेला नव्हता. एकेकजण येऊन तिच्या पाठीला बोट लावून जाई. पोरं तिची लीदसुद्धा निरखून पाहत. आम्हाला त्यांनी गोटुलच्या पडवीत उतरवलं. गोटुल म्हणजे गावातल्या तरण्या पोरांनी जमायचं, पाहुण्यांनी टेकायचं घर. लालसूच्या बायकोने, जुरीने, तांदळाची पातळ पेज आणून दिली. तिला जावा म्हणतात. दुपारच्या उन्हात ती पोटात पडल्यावर आमच्या चहाची आठवण राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पंडुम होता, म्हणजे सण, नव्या धानाचा. मला आधी कळलं असतं तर लंगडत का होईना निघालो असतो. सकाळी उन्हं वर आली आणि ढोल सुरू झाले. एक नाही, पाच-सहा. मी धावत जाऊन दोर धरला, तोवर कापशीचा डावा पाय वर गेला होता. मग उजवा. ठोक्याला ठोका, जराही चूक नाही. मान खाली, अंगावर घामाचा फेस.

नाचणारे थांबले. बायांनी एकमेकींना धरलं. कुणीतरी ओरडलं, "पेन! पेन!" पेन म्हणजे देव. एकीने तांदूळ आणले, एकीने हळद, एका म्हाताऱ्याने तिच्या खुरांपुढे मोहाच्या दारूची धार सोडली. मान राखायचा म्हणून ढोलवाल्यांनी जोर वाढवला. जितका मान वाढला, तितके तिचे पाय वेडे झाले. मारोती माझ्या कानाशी लागला, "गप राहा. देव आला म्हणू दे. पोटभर जेवाले भेटन."

तिचे गुडघे वाकायला लागले. मला पुढचं ठाऊक होतं.

"बंद करा!" मी ओरडलो. "देव नाही हा! बंद करा!"

ढोल थांबले. सणाच्या दिवशी असं ओरडणाऱ्याला काय करतात मला माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी लालसूकडे वळलो आणि सांगितलं. खांब सांगितले, छडी सांगितली, किती वेळ, कुठे मारायचो, भद्रावतीची वरात सांगितली, सलाम सांगितला. माझ्या उभ्या आयुष्यात मी एका दमात इतकं बोललो नव्हतो. मारोतीही ते पहिल्यांदाच ऐकत होता. माझं संपलं तेव्हा लालसू गावाकडे वळला आणि गोंडीत चारच शब्द बोलला.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"ह्यानं मारलं, असं सांगितलं."

मी घाबरलो की शिव्या येतील. आल्या नाहीत. लोक आपसात बोलू लागले. तांदूळ आणलेली बाई सुपातले तांदूळ परत नेईना. तिचं म्हणणं, आणले ते आणले, खाऊ दे. जुरी तेवढी माझ्यापर्यंत आली आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. लालसूने मराठी केलं, "बायको विचारते, मारणारा तूच, तर दोर तुह्याच हातात काऊन?"

"घोडी माझी आहे म्हणून."

त्याने तेही तिला सांगितलं. ती हसली, खवचट नाही, लहान पोर वेडंवाकडं बोललं की हसतात तशी. मग तिने हात पुढे केला. मी दोर दिला. तिने मला शिवेकडे बोट दाखवलं: तिकडे जा.

मी मातीच्या घोड्यांपाशी जाऊन बसलो. तिथून गोटुल दिसत नाही. थोड्या वेळाने एक ढोल वाजू लागला, हलका, मग दुसरा. मी जमिनीकडे पाहत होतो. आणि मला दिसलं की माझा उजवा हात हलतो आहे. मांडीवर पडतो आहे, दर ठोक्याला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कुणी हलवत नव्हतं. मी दुसऱ्या हाताने तो धरला. तरी मनगटात ठोका जाणवत होता.

तलावाच्या गावापासून इथवर, दर वेळी मारोती डबा वाजवायचा तेव्हा, दोर ह्याच हातात होता.

"उभी आहे बे!" मारोती झाडीतून धावत येत ओरडला. "तांदूळ खाऊन राह्यली! चामोर्शीले सांगतलं नव्हतं का मी?"

मी उठून पाहायला गेलो नाही. ढोल थांबेपर्यंत तिथेच, हात धरून बसलो.

सिरोंचा

पुढची वाट कापशी मारोतीसोबत चालली आणि मी मागून, एवढ्या अंतराने की मला तिचं शेपूट तेवढं दिसे. चेष्टा ऐकायला कुणी नसल्याने मारोती तिच्याशीच बोलत होता. संध्याकाळी तो डबा बडवी आणि ती चरे. मी लांब बसून हाताच्या मुठी आवळून पाहत असे. मला आनंद झाला का? झाला. पण दुसऱ्याच्या घरच्या लग्नात होतो तसा.

सिरोंच्याला पोचेपर्यंत मराठी मागे पडत जाते. तिखट वाढतं, भातावर चिंचेचं सार येतं, आणि पोरं घोडीमागे "गुर्रम! गुर्रम!" करत धावतात. तेलुगूत तोच घोडा. मारोतीने गोदावरी पाहिली. माणसाएवढा मासा दिसला नाही. "पाण्याच्या खाली असन," म्हणाला.

आम्ही घरात हिंदी बोलतो, पण भांडायला मराठी लागते. नसीमला रात्री जेवताना मी सगळं सांगितलं तेव्हा ती मराठीतच म्हणाली, "एवढीशी होती रे ती. तुझा हात कसा उठला?" हनीफने मान खाली घातली आणि माशाचे काटे काढत बसला. मी म्हणालो, "उठला." दुसरं काय म्हणणार?

बाजाराच्या दिवशी हनीफने गठ्ठे तिच्या पाठीवर बांधले आणि दोर नसीमने धरला. मी सुकट विकणाऱ्या बायांच्या टोपल्यांमागे उभा राहिलो. पलीकडून नावेने तो वरातवाला आलाच होता, पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट. त्याने घोडीभोवती एक चक्कर मारली आणि डफडेवाल्याच्या हातून डफडंच काढून घेतलं. वाजवायला त्याला येत होतं, नाचवायचं डफडं कसं वाजतं ते. मी माझा उजवा हात कमरेच्या पट्ट्यात खोचला.

कापशीचे कान मागे गेले. डावा पाय जमिनीवरून उचलला गेला आणि तसाच राहिला. नसीम तिच्या मानेला टेकून शेजारणीशी टोमॅटोबद्दल बोलत होती. पाय खाली आला. कापशीने लीद टाकली आणि कोथिंबीरवालीच्या जुडीकडे तोंड नेलं.

"भूल गई," वरातवाला म्हणाला आणि थांबला नाही, वाजवतच राहिला.

मला तिथेच थांबायचं होतं. पण मी टोपल्या ओलांडून पुढे गेलो, हसत, हात पुढे करून. अशा वेळी माणूस काय करेल? आपलं जनावर जिंकलं की धावत जातो. मला पाहताच तिची मान खाली गेली. डावा पाय वर. उजवा पाय वर. ठोक्याला ठोका. गठ्ठे घसरले, छिटाचं कापड चिखलात.

"नहीं भूली," वरातवाला हसला.

"मागे हो!" नसीम माझ्यावर ओरडली, भर बाजारात. "मागे हो भैया!"

मी मागे झालो. सुकटवाल्यांच्याही मागे, थेट मिठाच्या गाडीपर्यंत. तिथून मी पाहिलं, पाय थांबले होते. नसीमने कापड उचललं, झटकलं, पुन्हा पाठीवर टाकलं. वरातवाला हनीफला काही सांगत होता, बोटाने माझ्या दिशेला दाखवत. हनीफने विचारपूर्वक दाढी खाजवली आणि बायकोकडे पाहिलं. नसीमचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. "बाजारात मी असते. हा थोडीच असतो? घोडी माझी."

"आणि भैया आले तर?" हनीफने विचारलं.

"तर घरात बसतील."

अशी कापशी नसीमची झाली. मी त्याच दुपारच्या गाडीने निघालो, निरोप न घेता. मारोती मोठा मासा पाहायला आणखी दोन दिवस राहिला. वरोऱ्याला भाईजानांनी विचारलं, "उभी राहिली?" मी म्हणालो, राहिली. मी समोर गेलो तेव्हा काय झालं तेही सांगितलं. ते उठले. मग कोठ्यात गेले आणि दोन खांबांपैकी एक उपटून चुलीजवळ आणून टाकला. दुसरा मी उपटला.

सिरोंचा पाहण्यासारखं आहे. नद्यांचा संगम आहे, जुना किल्ला आहे, जंगल अजून जंगल आहे. बाजाराच्या दिवशी गेलात तर कापडाच्या दुकानापाशी एक पांढरी घोडी उभी दिसेल. डफडं वाजत असलं तरी तिच्या कपाळावर हात ठेवा, ती हलणार नाही. तुम्ही वरोऱ्याकडचे असलात तरी चालेल.